‘ही’मध्ये ‘शी’ मावते का?

‘एव्हरीवन शुड ब्रिंग देअर अम्ब्रेला.’ सहलीच्या ग्रुपवर असा मेसेज आला तर कुणीही अडखळणार नाही. सगळे छत्री घेऊन येतील. पण हेच वाक्य स्पर्धा परीक्षेच्या ‘चूक शोधा’ प्रश्नात आलं, तर क्लासमध्ये घोकलेलं उत्तर ठरलेलं असतं: ‘एव्हरीवन’ एकवचनी, ‘देअर’ अनेकवचनी, म्हणून ‘हिज’ हवं. सर्वनाम ज्या नामासाठी येतं त्याच्याशी ते जुळलं पाहिजे.

माझा आक्षेप जुळण्याला नाही. कोण कुणाबद्दल बोलतंय हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून ही सोय आहे आणि ती हवीच. आक्षेप आहे तो या दुरुस्तीला. इंग्रजीत सर्वनामाला वचनात जुळावं लागतं, तसं लिंगातही. सहलीला मुलगे आणि मुली दोन्ही असतील, तर ‘हिज’ने वचन सांभाळलं आणि लिंग सोडलं. ‘देअर’ने लिंगाची अडचण टाळली आणि वचन सोडलं. दोन्हीकडे एकेक जुळणी मोडते. मग त्यातली एकच मोडतोड ‘चूक’ का?

हा निवाडा बोलणाऱ्यांनी दिलेला नाही. एका माणसासाठी ‘दे’ चौदाव्या शतकापासून लिखाणात सापडतं. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांत ते सर्रास आहे. अठराव्या शतकापासून व्याकरणाची पुस्तकं सांगू लागली की ‘ही’मध्ये ‘शी’ धरलेलीच असते. 1850 साली ब्रिटिश पार्लमेंटने कायद्यांच्या भाषेपुरतं तेच ठरवून टाकलं. स्ट्रंक आणि व्हाइट यांच्या ‘दि एलिमेंट्स ऑफ स्टाइल’ या लोकप्रिय पुस्तकानेही ‘ही’चीच शिफारस केली.

पण धरलेली म्हणजे खरंच धरलेली का? याचं उत्तर आपल्याकडच्याच एका खटल्यात आहे. रेजिना गुहा यांनी कायद्याची पदवी घेतली आणि वकिलीच्या परवान्यासाठी अर्ज केला. पुल्लिंगी शब्दात स्त्रियाही धराव्यात, विषय किंवा संदर्भ आड येत नसेल तर, अशी तरतूद हिंदुस्थानच्या कायद्यात तेव्हाही होती. तरी 1916 साली कलकत्ता हायकोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी अर्ज फेटाळला. वकिलांच्या कायद्यातल्या ‘ही’मध्ये स्त्री मावली नाही. स्त्रियांना वकिली करता यावी म्हणून 1923 साली वेगळा कायदा करावा लागला. ‘शी’ ‘ही’मध्ये आपोआप असतेच, तर त्याची गरज काय होती?

साहित्यात याची सगळ्यात चांगली कसोटी म्हणजे उर्सुला ले ग्विन यांची 1969 ची कादंबरी ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’. गेथेन या ग्रहावरची माणसं एरवी ना स्त्री ना पुरुष. महिन्यातले थोडे दिवस त्यांच्यात लिंगभाव जागा होतो, आणि तो कोणता हे आधी ठरलेलं नसतं. तिथे राजालाही दिवस जाऊ शकतात. आणि अशा सगळ्या माणसांसाठी कादंबरीत सर्वनाम आहे ‘ही’.

याचा परिणाम पानोपानी जाणवतो. एस्ट्राव्हेन हे पात्र पंतप्रधानपदावर असतं, मग हद्दपारी, मग बर्फाच्या पठारावरून ओढलेली घसरगाडी. इतकं सगळं ‘ही’ने सांगितल्यावर डोळ्यांपुढे पुरुषच उभा राहतो. कादंबरीच्या बाजूने म्हणता येईल की निवेदक जेन्ली आय हा पृथ्वीवरचा पुरुष आहे आणि गेथेनच्या माणसांकडे नीट पाहता न येणं हीच त्याची गोष्ट आहे. मला हे अर्धंच पटतं. कारण एस्ट्राव्हेनच्या डायरीची प्रकरणं आणि गेथेनच्या लोककथाही ‘ही’मध्येच आहेत. स्वतःच्या माणसांबद्दल बोलताना त्या लोकांनी पृथ्वीवरच्या पुरुषाची नजर का घ्यावी?

ले ग्विन यांचा प्रामाणिकपणा असा की 1976 च्या निबंधात त्यांनी ‘ही’चं समर्थन केलं, आणि 1987 मध्ये त्याच निबंधावर टिपा लिहून ते मागे घेतलं. त्याआधी, 1975 च्या कथासंग्रहात, याच ग्रहावरची एक जुनी कथा त्यांनी बदलून छापली होती: सर्वनाम सगळीकडे ‘शी’, पदवी मात्र ‘राजा’च. सर्वनाम बदललं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढचं माणूसच बदलतं.

मराठीत हा पेच आणखी कठीण आहे, कारण आपलं क्रियापदही लिंग विचारतं. एस्ट्राव्हेन आला, आली की आलं? दारावर टकटक झाली की आपण सहज म्हणतो, ‘कुणीतरी आलंय’. अनोळखी माणसाला नपुंसकलिंग चालतं. पण ओळखीच्या मोठ्या माणसाला ‘ते आलं बघ’ म्हटलं की ती टिंगल होते. ‘सर आले’ यात एका माणसाला अनेकवचन लावताना मात्र आपली जीभ अडत नाही, मग इंग्रजी ‘दे’नेच का बिचकावं? फुशारकीचं कारण नाही. ‘प्रत्येकाने आपली छत्री आणावी’ यात ‘आपली’ छत्रीशी जुळतं, मालकाचं लिंग विचारत नाही. पण ‘प्रत्येकाने’मध्ये ‘प्रत्येकीने’ आपण गृहीतच धरलेलं असतं.

एका माणसासाठी ‘दे’ वापरल्याने गोंधळ होतो का? कधीकधी होतो. एक ‘दे’ आणि शेजारी घोळका असेल तर वाक्य परत लिहावं, नाव परत घ्यावं. ‘यू’चंही असंच झालं होतं. ते मूळचं अनेकवचनी. एकट्यादुकट्याला ‘यू’ म्हणण्याविरुद्ध जॉर्ज फॉक्स यांनी 1660 मध्ये अख्खं पुस्तक काढलं. आज एकाच मित्राला ‘यू आर’ म्हणताना त्यातलं अनेकवचनी ‘आर’ कुणाला टोचतं? ‘दे’ही त्याच वाटेवर आहे. 2019 मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखन-नियमावलीने ते स्वीकारलं आणि मेरियम-वेबस्टरने ‘दे’ला वर्षाचा शब्द ठरवलं.

परीक्षेत मार्क हवे असतील तर ‘हिज’वर खूण करा, माझी हरकत नाही. पण ईमेल, कथा किंवा सोसायटीची नोटीस लिहिताना आधी बघा, वाचणाऱ्यांत कोण कोण आहे. मग खुशाल ‘देअर’ लिहा.