कॅमेरा पोचत नाही तिथला आवाज

किशोरांसाठीची डिस्टोपियन कादंबरी आणि तीही ऑडिओबुकच्या रूपात, म्हणजे एकदम दोन आरोप. एक, हे पोरांचं वाङ्मय. दोन, ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे. दुसरा आरोप मराठीत तरी जपून करावा. 'घरात पोथी वाचली' असं आपण म्हणतो तेव्हा वाचणारा एकच असतो, बाकीचे ऐकत असतात. पहिल्याचं उत्तर मात्र पुस्तकातच शोधावं लागतं.

सुझन कॉलिन्सची 'द हंगर गेम्स' (२००८) घ्या. पॅनेम देशाची राजधानी कॅपिटॉल दर वर्षी १२ डिस्ट्रिक्टांमधून प्रत्येकी एक मुलगा आणि एक मुलगी अशी २४ मुलं रिंगणात सोडते. एकच उरेपर्यंत त्यांनी एकमेकांना मारायचं आणि देशानं ते टीव्हीवर बघायचं. धाकट्या बहिणीऐवजी स्वतः पुढे झालेली १६ वर्षांची कॅटनिस हे सगळं प्रथमपुरुषी वर्तमानकाळात सांगते. पानावर हा वर्तमानकाळ मला जरा ओढूनताणून आणलेला वाटतो. कानात तो सहज बसतो, कारण बोलणारा माणूस नेहमी 'आत्ता'च बोलत असतो.

२०१२चा चित्रपट आपल्याला खेळाच्या नियंत्रण कक्षातही नेतो. आपण रिंगण बाहेरून बघू लागतो, म्हणजे कॅपिटॉलच्या प्रेक्षकांच्याच रांगेत जाऊन बसतो. ऑडिओबुकमध्ये तशी सोय नाही. तिथे फक्त कॅटनिसचं मन आहे, आणि रिंगणात कॅमेरा पोचत नाही अशी तेवढी एकच जागा आहे. पीटावरचं प्रेम ती कॅमेऱ्यासाठी दाखवते आणि मनात त्याचा हिशोब मांडते. आपल्याला दोन्ही ऐकू येतं. एकच निवेदिका पीटाचेही संवाद म्हणते, त्यामुळे त्याचं बोलणं कॅटनिसच्या संशयातून गाळूनच आपल्यापर्यंत येतं. प्रत्येक पात्राला वेगळा कलाकार दिला असता, तर हा संशय पातळ झाला असता.

पण आवाज लेखनाचे दोष झाकूही शकतो. व्हेरॉनिका रॉथच्या 'अलीजंट'मध्ये (२०१३) ट्रिस आणि टोबायस आळीपाळीने बोलतात. प्रकरणावरचं नाव झाकलं, तर कोण बोलतंय हे पानावर पटकन कळत नाही. ऑडिओबुकमध्ये एमा गॅल्विन आणि आरोन स्टॅनफर्ड असे दोन निवेदक असल्यामुळे ही अडचण जाणवतच नाही. लेखिकेचं राहून गेलेलं काम तिथे निवेदकांनी केलंय. त्याचं श्रेय कादंबरीला देणं बरोबर नाही.

आता ऐकणाऱ्यांकडे येऊ. माझ्यासारखे आयटीतले लोक ही पुस्तकं बसच्या गर्दीत, भांडी घासताना, दीडपट वेगाने ऐकतात. पोरांच्या मरणाची गोष्ट कामाचा कंटाळा जावा म्हणून लावलेली असते. पॅनेम हे नावच 'भाकरी आणि खेळ' या अर्थाच्या लॅटिन शब्दप्रयोगातून आलंय, त्यामुळे हा टोमणा आपल्यालाही लागतो.

त्याचं गांभीर्य एका तपशिलातून कळतं. १२ वर्षांची रू मरते तेव्हा कॅटनिस तिच्यासाठी गाते आणि मग तिचं शरीर फुलांनी सजवते. खेळ संपल्यावर कॅपिटॉल त्याचा संपादित वृत्तांत दाखवतं. त्यात रूचं मरण आहे, गाणंही पूर्ण आहे. फुलं मात्र कापलेली आहेत. डोळ्यांत पाणी आणणारं गाणं सत्तेला चालतं, त्यानं कार्यक्रम रंगतो. रिंगणात मेलेल्या मुलीला माणसाचा मान देणारी फुलं चालत नाहीत, कारण त्यात बंड आहे.

सत्ता काय ठेवते आणि काय कापते हे इतक्या थोडक्यात दाखवणारं पुस्तक पोरांसाठी लिहिलंय म्हणून कमी ठरत नाही. मात्र अर्ध्या लक्षाने ऐकताना गाणं आठवणीत राहिलं आणि फुलं निसटली, तर आपणही कॅपिटॉलचीच आवृत्ती ऐकलेली असते.