लाल रविवार आणि लुकलुकणारं ‘नवीन’

‘कालनिर्णय’ १९७३ पासून भिंतीवर आहे आणि ते कसं वाचायचं हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही. आमच्या भवानी पेठेत घरात तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणारी कित्येक कुटुंबं आहेत. त्यांचंही काही अडत नाही. तारीख खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसते. सुट्टी लाल रंगामुळे कळते. तिथी-नक्षत्र बारीक अक्षरांत, कारण ज्याला ते हवं असतं तो जवळ जातोच. एका चौकोनात एवढी माहिती असून गर्दी वाटत नाही. वेब डिझाइनमध्ये याला व्हिज्युअल हायरार्की म्हणतात. मी उतरंड म्हणतो: कुठलं मडकं कशावर, हे आधी ठरलेलं.

आता एखादं सरकारी संकेतस्थळ मोबाइलवर उघडा. वर मान्यवरांचे फोटो, खाली सरकती पट्टी, तिच्याखाली दहा-बारा लिंका आणि प्रत्येकीपुढे लुकलुकणारं ‘नवीन’. सगळंच नवीन म्हटल्यावर खरं नवीन कुठलं? दाखल्यासाठी अर्ज करायला आलेला, चांगला लिहिता-वाचता माणूस शेवटी सायबर कॅफेत जातो आणि बटण शोधून देण्याचे पैसे मोजतो.

इंग्रजी टेम्प्लेट जसंच्या तसं मराठीत ओतल्यानेही घात होतो. इंग्रजी शीर्षक कॅपिटल अक्षरांनी उठून दिसतं. देवनागरीत कॅपिटल नाहीत, त्यामुळे सीएसएसमधलं ‘अपरकेस’ इथे काहीच करत नाही. अधोरेखा उकाराला कापते. ओळी जवळ घेतल्या की वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. म्हणून मराठीत भिस्त ठेवावी ती आकार, जाडी आणि मोकळ्या जागेवर. फिकट राखाडी अक्षरांचा सोसही सोडावा. डब्ल्यूसीएजी या मानकाच्या ‘एए’ पातळीला साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट लागतो.

पण नुसता फॉन्ट बदलून उतरंड बदलत नाही. सगळ्यांत मोठं काय दिसणार, हे ठरवणं म्हणजे पहिला मान कुणाचा हे ठरवणं. कॅलेंडरात तो बघणाऱ्याचा असतो, संकेतस्थळावर साहेबांचा. फोटो खाली नेऊन ‘अर्ज करा’ हे बटण वर आणायला कोडच्या चार ओळी पुरतात. बैठकीत ते साहेबांसमोर बोलणार कोण, हे मात्र अवघड आहे.