‘विथ’चा डब्ल्यू

तीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं. ‘गॉन विथ द विंड’ लिहिताना ‘विथ’चा डब्ल्यू कॅपिटल काढणाऱ्या पोरांचा अर्धा मार्क न चुकता कापला. पुस्तकाच्या नावात प्रिपोझिशन स्मॉल, हा आमचा वेदमंत्र!

त्याच जोमात पुतणीचा प्रबंध तपासून दिला. तो परत आला. ‘विथ’ कॅपिटल हवा म्हणे.

मग म्हटलं, पोथ्या तरी बघू. सगळ्या अमेरिकेतल्या. साहित्यवाल्यांची ‘एमएलए’ सांगते, प्रिपोझिशन कितीही लांब असो, स्मॉलच. मानसशास्त्रवाल्यांची ‘एपीए’ (पुतणी याच पंथातली) आणि वार्ताहरांची ‘एपी’ म्हणते, चार अक्षरं भरली की कॅपिटल. म्हणजे ‘विथ’ पास, ‘फ्रॉम’ पास, ‘फॉर’ नापास! शिकागोवाले इतकी वर्षं एमएलएच्या पंगतीला होते. 2024 च्या अठराव्या आवृत्तीत त्यांनी पाच अक्षरांची अट घातली. सात अक्षरी ‘थ्रू’ला बढती मिळाली, ‘विथ’ बिचारा एका अक्षराने हुकला.

शब्दाचं काम न बघता उंची मोजायची, ही काय पोलीसभरती आहे? एमएलए हट्टी खरी, पण निदान शब्दाचं काम तरी विचारते. आपल्याकडे ‘वाऱ्याबरोबर’ लिहिलं की बरोबर! ‘बरोबर’ वाऱ्याला चिकटून मोकळं, आणि देवनागरीत थोरलं-धाकटं अक्षर नाहीच.

पुतणीने एका संध्याकाळी सगळे डब्ल्यू वाढवले. माझी मात्र झोप उडाली. त्या पोरांतला एकजण साडेचौतीसवर राहिला होता.