चाळीसगावचा टांगा आणि आपले वाचन

दलित आत्मकथनांची चर्चा ‘बलुतं’ (१९७८), ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), ‘उपरा’ (१९८०) यांच्यापासून सुरू होते. पण त्यांच्या चाळीसेक वर्षे आधी बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटेखानी इंग्रजी लेखन केले होते. पुस्तिकारूपाने ते आले १९९० साली. त्यात सहा अनुभव आहेत. चार स्वतःचे, दोन इतरांचे. त्यांतला एक आपल्या खान्देशातला. बहिणाबाई, बालकवी, साने गुरुजी ही नावे खान्देशच्या साहित्यात आपण अभिमानाने घेतो. त्यांच्या शेजारी ही थोडकी पानेही ठेवली पाहिजेत.

साल १९२९. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या मुंबई सरकारच्या समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब खान्देशात आले होते. धुळे मार्गावरील एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. स्टेशनवर हारतुरे झाले. पण टांगा काही येईना. तासाभराने आला. वाटेत तो मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरच्या कठडा नसलेल्या फरशीवर घोडा उधळला, चाक दगडावर आपटले. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत कोसळला. पाय मोडला. मागाहून कळले, की अस्पृश्याला घेऊन जाणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. पाहुण्याला पायी नेणे वस्तीला रुचेना. तेव्हा तोड निघाली : टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा मिळणार नाही. लगाम वस्तीतल्याच एका माणसाने धरला, ज्याला टांगा हाकता येत नव्हता.

या तडजोडीकडे नीट पाहावे. अस्पृश्याचा पैसा चालतो, त्याने टांग्यात बसलेलेही चालते. चालत नाही ते त्याच्यासाठी लगाम हाती धरणे. म्हणजे विटाळ लाकडाला नव्हता, घोड्यालाही नव्हता. प्रश्न सेवा कोणी कोणाची करायची हा होता. बॅरिस्टरची पदवी, सरकारी समितीचे सभासदत्व, खिशातले भाडे यांतले काहीही त्या ठिकाणी उपयोगी पडले नाही. गरिबी गेली की जात जाईल, असे म्हणणाऱ्यांनी हे पान अवश्य वाचावे.

लेखनाची ताकद त्याच्या संयमात आहे. येथे आक्रोश नाही, शिवी नाही. स्टेशनपासून वस्ती किती दूर, फरशी रस्त्याला कशी काटकोनात, कडेचे दगड किती अंतरावर हे बाबासाहेब चौकशी अधिकाऱ्याच्या नजरेने नोंदवतात. वस्ती नदीपलीकडे आणि वाटेला कठडा नाही, हा गावाच्या रचनेचाच पुरावा आहे. वाचकाला माहिती मिळते तीही घडलेल्या क्रमाने : आधी उशीर, मग अपघात, शेवटी कारण. प्रस्थापित समीक्षा दलित लेखनाला ‘केवळ अनुभव’ म्हणून बाजूला सारते, तिने ही मांडणी तपासून पाहावी.

आणि आपणही स्वतःला तपासावे. बाबासाहेबांनी टांगेवाल्यांचा गर्व दाखवला, तसे आपल्या माणसांचेही चुकल्याचे स्पष्ट लिहिले : त्यांचा मान राखण्याच्या भरात त्यांचा जीवच धोक्यात घातला गेला. त्या माणसांचे प्रेम खरे होते, अपमानाची चीडही खरी होती. पण पायी नेण्यात कमीपणा मानणे ही टांगेवाल्यांच्याच मोजपट्टीने स्वतःला मोजणे होते. जयंतीला मिरवणूक किती लांब, पुतळा किती उंच, यावर आपण भांडतो, आणि त्याच वस्तीतली अभ्यासिका कुलूपबंद राहते, गटार उघडे राहते. तेव्हा ती मोजपट्टी अजून आपल्या हातात असते.

म्हणून जळगाव-धुळ्याच्या विहारांतून हे प्रकरण मोठ्याने वाचले जावे. टांगेवाल्यांपाशी न थांबता, आपल्यावरच्या त्या दोन-चार वाक्यांसह. त्यांवर चर्चा व्हावी, वादही व्हावा. ज्याने आपली चूक प्रेमाने पण न लपवता सांगितली, त्याचे तेवढे ऐकून घेणे हे आपल्या वाचनाकडून होणारे पहिले देणे आहे.