‘अहं’, ‘अस्मिता’ आणि मानसशास्त्राचे भाषांतर

पाश्चात्त्य मानसशास्त्र वसाहतोत्तर समाजात कितपत प्रस्तुत ठरते, हा प्रश्न मराठी विचारविश्वात बहुधा ‘पाश्चात्त्य’ विरुद्ध ‘देशी’ अशा द्वंद्वाच्या रूपात मांडला जातो. एक पक्ष मानसशास्त्राचे सिद्धान्त सार्वत्रिक मानतो. दुसरा पक्ष गीता, सांख्य आणि योग यांत ‘आपले’ मानसशास्त्र आधीच सिद्ध आहे असे सांगतो. दुसऱ्या पक्षाच्या या ‘आपले’मध्ये संस्कृतीचा एकजिनसीपणा गृहीत धरलेला असतो. तो तपासण्यासाठी रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा हे दोन शेजारी तालुके पुरेसे आहेत.

प्रथम परिभाषेचा प्रश्न. फ्रॉइडने १९२३ मध्ये मनाच्या रचनेसाठी योजलेली नावे रोजच्या जर्मन भाषेतील सर्वनामांवरून घेतलेली होती. ज्याला पुढे ‘इगो’ म्हटले गेले, तो मुळात साधा ‘मी’ होता. इंग्रजी अनुवादकांनी लॅटिनचा आश्रय घेतला, तर मराठी परिभाषेने संस्कृतचा : इदम्, अहम्, पराहम्. परंतु मराठीत ‘अहं’ हा कोरा शब्द नव्हता. अहंकार, अहंता, अहंभाव या शब्दकुळावर संतवाङ्मयापासून दोषाचा शिक्का बसलेला आहे. परिणामी ‘अहं बळकट करणे’ हे उपचाराचे उद्दिष्ट मराठी कानाला नैतिक अधःपतनासारखे ऐकू येते. संकल्पना आयात झाली, पण तिच्यासाठी निवडलेल्या शब्दाने तिचा निवाडा आधीच करून ठेवला होता.

ही विसंगती केवळ शब्दकोशापुरती राहत नाही. व्ही. एस. नायपॉल यांनी १९७७ च्या आपल्या भारतविषयक ग्रंथात सुधीर कक्कर यांच्या आधारे भारतीय ‘अहं’ अविकसित असल्याचे निदान पुढे मांडले, तेव्हा चिकित्सेतील संज्ञा संस्कृतीची मोजपट्टी झाली. वसाहतवादी ज्ञानव्यवहाराची हीच परिचित रीत : व्यक्तीसाठी घडविलेले निदान समाजावर लादायचे. याला प्रतिवाद नव्हताच असे नाही. १९२२ मध्ये कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन करणाऱ्या गिरींद्रशेखर बोस यांनी फ्रॉइडशी झालेल्या पत्रव्यवहारात आपले मतभेद नोंदविले आणि बंगालीत गीतेवरही लिहिले. आशिस नंदी यांनी या प्रतिवादाचे राजकारण पुढे उलगडून दाखविले.

तथापि, ‘देशी’ पर्याय कोणता, हे विचारले की अडचण सुरू होते. पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबा भावे यांचे जन्मगाव. पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९२० मध्ये रोह्यात झाला. दोघांचाही आधारग्रंथ गीता. १९३२ च्या धुळे तुरुंगातील प्रवचनांपासून १९४४ च्या ‘स्थितप्रज्ञ-दर्शना’पर्यंत विनोबांच्या विवेचनाचा रोख ‘मी’ विरघळविण्याकडे आहे. आठवल्यांच्या स्वाध्याय-विचारात मात्र माणसाच्या ठायी ईश्वर वसतो, म्हणून त्याने स्वतःला क्षुद्र मानू नये, हे सूत्र केंद्रस्थानी येते. आत्मगौरव हा तेथे गुण ठरतो. ‘अस्मिता’ या शब्दाचा प्रवास येथे लक्षणीय आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत अस्मिता पाच क्लेशांपैकी एक आहे, तर आधुनिक मराठीत ती जपण्याची, प्रसंगी लढण्याची गोष्ट आहे. एकच ग्रंथ, एकच जिल्हा, आणि ‘मी’विषयी दोन भिन्न दिशा. तेव्हा ‘भारतीय मानसशास्त्र’ हे एकवचन पाश्चात्त्य सार्वत्रिकतेइतकेच संशयास्पद ठरते.

याच तालुक्यांच्या डोंगरउतारांवर कातकरी वाड्या आहेत. उचल घेऊन कुटुंबासह वीटभट्टीवर जाणारा कातकरी ना गीताभाष्याचा अपेक्षित श्रोता असतो, ना मनोविश्लेषकाच्या खोलीतील आसनाचा. त्याला ‘मी’ नसतो असे नव्हे. त्याचा ‘मी’ ऐकून घेईल असा वाग्व्यवहार दोन्हीकडे घडलेला नाही. ज्याला ‘मी’ म्हणण्याचा अधिकारच नाकारला गेला, त्याला निरहंकाराचा उपदेश करणे म्हणजे सत्तेची आज्ञा अध्यात्माच्या भाषेत पुन्हा वाचून दाखविणे होय. उलट त्याच्या कर्जाच्या ओझ्याला वैयक्तिक नैराश्य म्हणून नोंदविणे म्हणजे भट्टीचा हिशेब त्याच्या मनात शोधणे होय. १९६३ मध्ये बाबूराव बागुलांनी आपल्या कथासंग्रहाला ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हे नाव दिले. त्यातील ‘मी’ विरघळण्यासाठी आलेला नाही, आणि तो केवळ एका व्यक्तीचाही नाही. दलित साहित्याने प्रथमपुरुषी एकवचनाला जो सामाजिक आशय दिला, त्याची दखल मानसशास्त्राच्या मराठी परिभाषेने अद्याप पुरेशी घेतलेली नाही.

म्हणून प्रस्तुततेची कसोटी सिद्धान्ताच्या जन्मस्थानात शोधता येणार नाही. व्हिएन्नाहून आलेला सिद्धान्त मुक्तिदायी ठरू शकतो आणि गागोद्याहून निघालेला विचारही कोणाला तरी गप्प बसविण्यासाठी वापरला जाऊ शकतो. एखादी संकल्पना कोणाला ‘मी’ म्हणू देते आणि दुःखाचे उत्तरदायित्व कोणाच्या माथी ठेवते, हे विचारणे अधिक फलदायी आहे. देशीवादालाही हा प्रश्न टाळता येणार नाही. कारण मूळचा जर्मन शब्द देशी करायचा तर मराठीत त्यासाठी ‘अहं’ नव्हे, ‘मी’ हाच शब्द होता. तो सोडून संस्कृतकडे वळण्याची निवड पश्चिमेने केलेली नाही.