किती वितळले, हा खरा प्रश्न

ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल येथे १८८३ साली शिसे, जस्त व चांदीचा प्रचंड साठा सापडला. सुमारे १६० कोटी वर्षांपूर्वी तो खोल गाडला जाऊन ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापला होता. शेजारचे खडक तेव्हा अंशतः वितळले, याबद्दल वाद नाही. धातुक वितळले का, याबद्दल आहे.

शुद्ध गॅलेना (शिशाचे सल्फाइड) वितळायला अकराशे अंशांहून अधिक तापमान लागते. पण डाख आठवा. शिसे ३२७ अंशांना वितळते, कथील २३२ अंशांना, आणि दोघांचे योग्य मिश्रण १८३ अंशांनाच! शिसे, लोह व जस्त यांची सल्फाइडेही एकत्र आली की ८०० अंशांच्या आसपास वितळू लागतात, असे मॅव्ह्रोजेनीस व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रयोगाने दाखवले. चांदीमुळे हे तापमान आणखी उतरते.

२००५ मध्ये स्पार्क्स व मॅव्ह्रोजेनीस यांनी पुरावा म्हणून स्फटिकांत अडकलेले सल्फाइडांचे सूक्ष्म कण पुढे केले. कल्पना सुंदर आहे. वाढता स्फटिक भोवतालच्या द्रावाचा थेंब गिळतो, थेंब थिजतो आणि त्यातून अनेक खनिजे वेगळी होतात. असा कण पुन्हा तापवून एकजीव झाला, तर तो कधीकाळी द्रव असणे शक्य ठरते. मात्र गॅलेना मऊ असते. दाबाखाली ती बारीक भेगांतही शिरते. म्हणून कणापर्यंत भेग पोचलेली नाही, हे आधी पाहावे लागते.

माझा आक्षेप पुढच्या उडीला आहे. थेंब सापडला म्हणजे द्राव होता, इतकेच कळते. तो किती होता, हे थेंब सांगत नाही. स्प्राय, प्लायमर व टील यांनी २००८ मध्ये वितळण्याच्या व्याप्तीवरच शंका घेतली, ती मला रास्त वाटते. तेथे शिशाचे आणि जस्ताचे पट्टे वेगवेगळे आहेत. सगळे वितळले असते तर ते मिसळले असते, असे म्हणावे, तर अंशतः वितळताना शिसे द्रावात जाते व जस्त बरेचसे मागे राहते, म्हणजे त्यातूनही पट्टे वेगळे होऊ शकतात. एकच निरीक्षण दोन्हीकडे वळते.

राजस्थानातील रामपुरा-आगुचाच्या साठ्याबाबतही २००९ मध्ये असाच दावा मांडला गेला. तो वाचताना ‘अंशतः’ या शब्दापुढे आकडा दिला आहे का, ते विद्यार्थ्यांना शोधायला सांगावे.