चित्राखालची पाटी

गेल्या महिन्यात आपल्या शहरात सात चित्रकारांचा ग्रुप शो भरला होता. तिसरी पाळी करून सकाळी सुटलो, केसातली रुई झटकली आणि दालन उघडायच्या आधीच दारात जाऊन उभा राहिलो. दार उघडलं तसं एकानं गुळगुळीत पत्रिका हातात ठेवली. सात फोटो. प्रत्येक फोटोखाली चार ओळींचा परिचय.

खरं सांगतो, चित्रांच्या आधी मी ती पत्रिका वाचली. आपल्याला बाबासाहेबांनी वाचायला लावलं. चित्र बघायला कुणी लावलंच नाही. भिंतीवर काय आहे ते कळत नाही म्हणून माणूस पाटी वाचतो. मीही वाचली.

एकाच्या घरात 'कलेचा वारसा' आहे, आजोबा मूर्ती घडवायचे. दुसऱ्याला नामवंत गुरूंचा सहवास लाभला. तिसऱ्यानं डिप्लोमा केला, चार पारितोषिकं मिळवली, परदेशात दोन ठिकाणी त्याची चित्रं गेली. असे सहा. सातवा आपल्या वस्तीतला पोरगा. त्याच्या फोटोखाली डिप्लोमा आणि एकच ओळ : 'लहानपणापासून चित्रकलेची आवड.' संपलं.

माझं डोकं फिरलं. कारण या पोराचा बाप पेंटर आहे. या शहरातल्या किती दुकानांच्या पाट्या त्यानं रंगवल्या याचा हिशेब त्याच्याकडंही नाही. चौदा एप्रिल जवळ आला की वस्तीतल्या समाजमंदिराच्या भिंतीवर बाबासाहेब काढायचे ते त्यानंच. निळा कोट, हातात संविधान, तर्जनी पुढं. फोटो समोर न ठेवता काढायचा. फ्लेक्स आला आणि त्याचं काम गेलं. आता तो घरं रंगवायला जातो. म्हणजे त्या सातांत घरातूनच कलेचा वारसा असलेले दोघे होते. एकाचा पत्रिकेत छापला, दुसऱ्याचा गाळला. का? एक वारसा देवळात गेला आणि दुसरा चहाच्या दुकानावर लटकला म्हणून?

पोराला बाजूला घेतला. म्हणालो, "काय रं, बापाचं नाव घालायला लाज वाटली व्हय?"

तो म्हणाला, "दादा, मी लिहून दिलतं. परत मीच काढलं. वस्ती, बाप, जात सगळं वाचलं की लोक चित्र बघायचंच सोडतात. काहींच्या डोळ्यांत पाणी येतं, काही नाक मुरडतात. चित्र कोण बघणार?"

मी गप्प बसलो. उत्तर नव्हतं. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे. सापडलंच आहे असा दावा नाही.

आता थोडं मागं जाऊ. या देशात ग्रुप शो म्हटलं की ज्यांचं नाव पहिल्यांदा निघतं तो मुंबईचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप. स्थापना 1947, मुंबईतलं गाजलेलं प्रदर्शन 1949. सहा जण : सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे. यांच्या पार्श्वभूमी बघा. सूझा गोव्यातल्या सालिगावचा ख्रिस्ती. बाप लहानपणीच गेला, आईनं मुंबईत शिवणकाम करून वाढवला, आणि जे. जे. स्कूलमधून त्याला काढून टाकलं. रझा मध्य प्रांतातल्या जंगलखात्यातल्या नोकराचा मुलगा. हुसेन पंढरपुरात जन्मलेला, मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरणारा. होर्डिंग म्हणजे काय? आपल्या पोराच्या बापाचंच काम, मोठ्या मापाचं. पण हुसेन मोठा झाल्यावर ते होर्डिंग त्याच्या चरित्रातला दागिना झालं. मोठं होण्याआधी कुणी त्याला दागिना म्हणत नव्हतं.

आणि कृष्णाजी हौळाजी आरा. जन्म 1914, हैदराबाद संस्थानातलं बोलारम. बाप ड्रायव्हर. सात वर्षांचं पोर घरातून पळून मुंबईला आलं. साहेबाच्या घरी नोकर म्हणून राहिलं, मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलं. कुठल्या कला-शाळेची पायरी न चढता चित्रकार झालं. लेडन आणि लँगहॅमर या युरोपातून आलेल्या दोन जाणकारांनी त्याचा हात ओळखला. 1942 साली त्याचं स्वतंत्र प्रदर्शन झालं. तो 1985 साली गेला.

ही गोष्ट कलेच्या पुस्तकांत मोठ्या कौतुकानं सांगतात. घरगडी चित्रकार झाला, केवढी जिद्द! पण घरगडी कुठल्या घरातून येतो, हे त्या कौतुकात बहुतेक वेळा येत नाही. अलीकडच्या लिखाणात आरा दलित होते अशी नोंद सापडते. म्हणजे भारतीय आधुनिक चित्रकलेच्या पहिल्या रांगेत आपला माणूस उभा होता, आणि आपल्या पोरांना त्याचं नाव ठाऊक नाही. आपल्या जयंतीच्या व्याख्यानमालेत कवी येतात, प्राध्यापक येतात. आरांवर कुणी बोललेलं मी तरी ऐकलेलं नाही. गाळणारे फक्त पत्रिका छापणारेच असतात असं नाही, मित्रांनो. आपणही गाळलं.

आरांनी काय रंगवलं? फुलदाण्या, भांडी, फळं, स्त्रीची उघडी देहचित्रं. आपल्यातला एखादा जहाल कार्यकर्ता म्हणेल, यात विद्रोह कुठाय? मीही तसंच म्हणालो असतो. पण जरा थांबा. ज्यानं पोरपणी दुसऱ्याच्या घरात राबून काढलं, त्यानं भांडं आणि फुलदाणी टेबलाच्या मधोमध ठेवून तासन्‌तास बघितली. ते भांडं धुवायचं नव्हतं, नुसतं बघायचं होतं. हे बघण्याचं मोकळेपण मालकाला जन्मानं मिळतं. नोकराला ते मिळवावं लागतं. माझं हे वाचन कुणाला ओढूनताणून वाटेल. वाटू दे. पण आरांची फुलदाणी आणि बंगल्यात वाढलेल्या माणसाची फुलदाणी एकच, असं मला कुणी सांगू नये.

दुसरी गोष्टही सांगायला हवी. हा ग्रुप सुरू झाला तेव्हा जनतेपर्यंत कला न्यायची भाषा होती. 1949 च्या पत्रिकेत सूझानं ती भाषा सोडल्याचं उघड सांगितलं. चित्रकार आणि लोक यांच्यातली दरी बुजत नाही, आम्ही आमच्या मर्जीनं रंगवणार, असा सूर लावला. हे प्रामाणिक होतं. पण दरी बुजत नाही असं म्हणणाऱ्याच्या शेजारीच आरांची चित्रं लागली होती. दरीच्या तळातून चढून आलेला माणूस त्या भिंतीवर होता आणि दरीची चर्चा वरून चालली होती.

आता आपल्या कोल्हापुरात या. आपण या गावाला कलापूर म्हणतो. शाहू महाराजांनी आबालाल रहिमान यांना दरबारी चित्रकार केलं. बाबूराव पेंटर 1890 साली कारागिराच्या घरात जन्मले. मेस्त्री आडनाव, शाळा जेमतेम, नाटकाचे पडदे रंगवून हात तयार झालेला. 1917 साली महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. 1925 साली 'सावकारी पाश' काढला; त्यात सावकारानं नागवलेला शेतकरी शेवटी शहरात गिरणीकामगार होतो. मी गिरणीत आलो त्याला ऐंशीच्या वर वर्षं आधी या माणसानं माझी गोष्ट पडद्यावर दाखवली होती. पण इथं मुद्दा नावाचा आहे. या गावानं त्यांचा धंदा हेच त्यांचं आडनाव केलं. पेंटर! आणि ते मानानं केलं. मग त्याच गावात दुसऱ्या एका पेंटरचं नाव त्याच्या पोराच्या परिचयातून का पडतं? धंदा तोच. ब्रश तोच. मग फरक कशाचा, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तिसरं नाव भाई माधवराव बागल. जे. जे.त शिकलेले चित्रकार, प्रजापरिषदेचे पुढारी. 9 डिसेंबर 1950 रोजी बिंदू चौकात जोतीराव फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे उभे राहिले ते त्यांच्या पुढाकारानं. बाबासाहेब तेव्हा हयात होते. पुतळ्याचा मान कुणाला आणि कुठल्या चौकात द्यायचा, हे कळण्याचा डोळा या चित्रकाराला होता. बागल आपल्या जातीचे नव्हते. म्हणून मी असंही म्हणत नाही की पार्श्वभूमी म्हणजे फक्त जन्म. जन्म कुठं झाला आणि उभं कुठं राहायचं ठरवलं, दोन्ही मिळून पार्श्वभूमी होते.

मग चित्रात ती कशी येते? आपल्यातल्या काहींना वाटतं, झाडू काढला, शंबूक काढला, मूठ काढली की दलित चित्र झालं. नागपूरच्या सवी सावरकरांची चित्रं बघा. गळ्यात मडकं बांधलेला अस्पृश्य, देवदासी, मनू. हे विषय आपल्या भाषणांतही येतात. पण सावरकरांची रेघच अशी खरबरीत, ओरबाडल्यासारखी आहे की विषय झाकला तरी चित्र दुखतं. विषय कुणीही उसना घेऊ शकतो. रेघ उसनी मिळत नाही. मुंबईच्या विक्रांत भिसेंनी आपल्या चळवळीचा इतिहासच रंगवायला घेतलाय. तिथं गर्दी ही नुसती गर्दी राहत नाही, त्यातला एकेक चेहरा ओळखीचा वाटतो.

आणि कोल्हापूरच्या मातीतले प्रभाकर कांबळे. त्यांच्या कामाचं नाव 'उतरंड'. मडक्यावर मडकं. 2022 साली ते बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात मांडलं गेलं. उतरंड हा शब्द आपल्या आज्ज्यांचा. खालचं मडकं सगळ्यांचं ओझं वाहतं, आणि खालचं काढायचं तर वरची सगळी उतरवावी लागतात, हे त्यांना घरातच कळत होतं. जातिव्यवस्था समजवायला आपण तासभर भाषण करतो. कांबळेंनी मडकी रचली. बर्लिनच्या माणसाला जात कळली का, मला ठाऊक नाही. पण उतरंड ज्या घरात असते त्या घराची अक्कल कलेच्या दालनात गेली, आणि तिला कुणाच्या शिफारशीची गरज पडली नाही.

आता परत आपल्या पोराच्या चित्रांकडं. तीन चित्रं होती. तिन्हीत नळाला लावलेल्या घागरींची रांग. माणूस एकही नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मनात म्हणालो, संपला हा. दिवाणखान्यात लावायला छान. शेजारी दोन बायका उभ्या होत्या. एक म्हणाली, "रंगसंगती किती गोड आहे, आणि घागरींवरचं डिझाइन बघ." मग मी ते डिझाइन बघितलं. अंगावर काटा आला. एका घागरीवर पांढरे दोन ठिपके. एकीच्या कानाला लाल चिंधी. एकीवर फुली. एकीवर 'शां' असं अर्धवट अक्षर. ते डिझाइन नव्हतं, त्या खुणा होत्या. रांगेत घागर बदलू नये म्हणून वस्तीत प्रत्येक घर आपल्या घागरीवर खूण करतं. त्या खुणेवरून भांडणं होतात, डोकी फुटतात. माणूस चित्रात नव्हता असं मी कसं म्हणालो? सगळी वस्ती तिथं उभी होती. फक्त रांगेत उभं राहिलेल्यालाच ती दिसणार.

आणि चित्राखालच्या पाटीवर माध्यम लिहिलं होतं : 'मिश्र माध्यम'. मी विचारलं, हे काय असतं? पोरगा हसला. म्हणाला, "ट्यूब परवडंना. निम्मं बापाच्या उरलेल्या डब्यातलं ऑइलपेंट हाय." म्हणजे पत्रिकेतून गाळलेला बाप कॅनव्हासवर होता. पाटीनं त्याला 'मिश्र माध्यम' म्हटलं एवढंच.

इथं मला पोराचं म्हणणं अर्धं पटलं. त्यानं आपली पार्श्वभूमी लपवली नव्हती. पत्रिकेतून काढून चित्रात ठेवली होती. पण अर्धं पटलं नाही. कारण चित्रात ठेवलेलं वाचणारं माणूस दालनात नसेल तर खुणांचं डिझाइन होतं. आरांचं तेच झालं. म्हणून चूक एकट्या पोराची नाही. ती खूण ओळखणारे आपण दालनात नव्हतो, ही आपली चूक. कवितेला आपण वाचक तयार केले, गाण्याला तर वस्तीच्या वस्ती. चित्राला बघणारे तयार केले नाहीत. पांढरपेशा समीक्षकाला शिव्या घालणं सोपं आहे. त्याला आपली खूण कळणार नाहीच. ती सांगायचं काम आपलं.

शेवटच्या दिवशी पोराचा बाप आला होता. कामावरून तसाच, पँटीवर चुन्याचे डाग. एकेका चित्रापुढं पाच-पाच मिनिटं उभा राहिला. पत्रिका हातात घेतली नाही. शेवटी पोराला एवढंच म्हणाला, "हिरव्याला आणि एक हात पायजे होता." मी तिथं तीनदा गेलो, बरीच स्तुती ऐकली. रंगाबद्दल नेमकं बोललेला हा एकच माणूस भेटला.

पोराचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यानंच सांगितलंय, आधी चित्रं बघू देत, मग नाव. ठीक आहे. पण पुढच्या प्रदर्शनाच्या पत्रिकेत 'वडील पेंटर' एवढे दोन शब्द घालायला तो तयार झालाय. दोनच शब्द. जात नको, वस्ती नको, अश्रू नकोत. धंदा आणि मान.

मित्रांनो, पुढचं प्रदर्शन भरेल तेव्हा मोर्चाला जातो तसे जमून चला. दारात बिचकू नका, दालन कुणाच्या बापाचं नाही. आधी चित्र बघा, मग पाटी वाचा. पाटीत काय नाही ते विचारा. आणि येताना एखाद्या पाटीवाल्या पेंटरला बरोबर घ्या.

जयभीम.